पॅकिंगचे चाकू आणि दत्ताचं लग्न

किस्से काही कुणी मुद्दाम गोळा करत नाही. आमच्या पॅकिंगच्या टेबलाखाली दिवसभर कापलेल्या पट्ट्या, टेपचे तुकडे, सुतळीची टोकं पडत राहतात आणि संध्याकाळी झाडू मारायला वाकलं की तोंडातून निघतं, "अगं बाई, एवढं कधी साठलं?" तसंच हे. त्यात आमचे सगळे किस्से चाकूचे. हसायला जावं तर कुणाचं तरी काहीतरी कापलेलं असतंच!

तुम्ही म्हणाल, शोभाताई, चाकूचे कसले आले किस्से? तर ऐका. सुप्याच्या एमआयडीसीत आमची पंपाचे सुटे भाग बनवणारी कंपनी. मी पॅकिंगला. आम्ही जन्मभर दोनच कामं करतो, खोकी बांधायची आणि खोकी फोडायची. फोडायला चाकू लागतो. कंपनी कटर देते, नाही असं नाही, पण त्याचं ब्लेड दुसऱ्या दिवशी तुटतं. नवीन मागायला गेलं की स्टोअरवाला म्हणतो, "जुनं ब्लेड जमा करा." जुनं ब्लेड खोक्यात अडकून गिऱ्हाइकाकडे पोचलेलं असतं, ते कुठून जमा करणार? मग ज्याने त्याने आपापला घडीचा चाकू आणायचा आणि खिशात बाळगायचा. अर्थात स्वस्तातला. महागडा घ्यायला आम्ही कोण लागून गेलो!

आम्ही तिघं. मी, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. दुसरे शब्बीरभाई, फोर्कलिफ्ट चालवतात आणि मोबाईलवर चाकूंचे व्हिडिओ बघतात. तिसरा दत्ता. दत्ता पाथर्डीकडचा. आईबाप दरसाल ऊसतोडीला जातात. पोरगं त्यातून सुटावं म्हणून त्यांनी त्याला आयटीआयला घातलं, आणि ते कंपनीत लागलंही, पण कंत्राटी. म्हणजे सकाळी गेटवर कार्ड चाललं तर नोकरी आहे असं समजायचं. तिशी उलटली तरी लग्न नाही. कुठेही स्थळ बघायला जा, चहाच्या आधी एकच प्रश्न, "पर्मनंट हाय का?"

पर्मनंट झाला तर बायको, नाहीतर आयुष्यभर खानावळीचा डबा. दत्ताचं सगळं एवढ्यावर अडलेलं. पुढचं काहीही ऐकताना हे तेवढं ध्यानात ठेवा.

*

एकदा जेवणाच्या सुट्टीत शब्बीरभाईंनी फर्मान काढलं, "आज टेस्ट. तिघांचे चाकू टेबलावर ठेवा."

माझा आठवडे बाजारातला, पिवळ्या मुठीचा. दत्ताचा गावच्या जत्रेतला, लाकडी मुठीचा. शब्बीरभाईंचा ऑनलाइन मागवलेला, काळा कुळकुळीत, त्यावर लांडग्याचं चित्र. क्रमाने कांदा, टेप, सुतळी आणि प्लास्टिकची पट्टी कापायची. शब्बीरभाई परीक्षक, आणि स्पर्धकही तेच!

पहिला माझा. आता खरं सांगायचं तर माझा चाकू उघडतच नाही. पात्याची खाच इतकी बारीक की नख तुटतं. मी पक्कड आणायला गेले. पक्कड घेऊन आले तोवर दत्ताने दाताने पट्टी तोडून भाकरी खायला सुरुवात केली होती.

मग शब्बीरभाईंचा. अंगठ्याने खट् करून उघडला, सगळी पोरं बघायला जमली. कांदा कापला, टेप कापली आणि मग तो मिटेना. आत कसलासा लोखंडी खटका असतो, तो दाबायचा म्हणे. दाबला, ठोकला, त्यात तेल सोडलं. शेवटी शब्बीरभाई उघडा चाकू पुठ्ठ्यात गुंडाळून हातात धरून घरी गेले. बसमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही.

दत्ताच्या जत्रेतल्या चाकूला धार मात्र काय होती! कांदा, टेप, सुतळी, सगळं सपासप. पट्टीला जोर दिला आणि पातं फटकन मिटलं. बोट कसंबसं वाचलं. त्याला लॉक नावाचा प्रकारच नव्हता.

शब्बीरभाईंनी निकाल सांगितला, "जो उघडत नाही तो शोभाताईंचा. जो मिटत नाही तो माझा. आणि जो कधीपण मिटेल तो दत्ताचा. पहिला नंबर कुणालाच नाही!"

दुसऱ्या दिवशी बघते तर कांद्याच्या रसाने माझं पातं तांबूस गंजलेलं. त्यावरची 'स्टेनलेस' ही अक्षरं तेवढी स्वच्छ होती.

*

मिटत नाही म्हणून शब्बीरभाईंनी तो चाकू परत पाठवायचं ठरवलं. मोबाईलवर नियम वाचून दाखवला, वस्तू मूळ पॅकिंगमध्ये परत करावी.

"मूळ पॅकिंग?" मी म्हटलं, "अहो, आपण कोण आहोत?"

इथे आमची इभ्रत जागी झाली. दत्ताने खोक्याच्या घड्या परत कडक केल्या. मी टेप अशी लावली की जुन्या टेपच्या खुणेच्या बाहेर केसभर नाही. कोपरे दाबले, आत फुग्यांचं प्लास्टिक भरलं, लेबलावरची सुरकुतीसुद्धा इस्त्री केल्यासारखी सपाट केली. इतकं सुंदर पार्सल आम्ही कंपनीसाठी कधी केलं नव्हतं.

पार्सल न्यायला पोरगा आला. त्याने ते उलटंपालटं केलं, फोटो काढला आणि परत शब्बीरभाईंच्या हातात दिलं.

"चाचा, हे तर उघडलंच नाही तुम्ही. आधी उघडून तर बघा, मग सांगा खराब आहे का!"

आणि गेला निघून. शब्बीरभाईंनी ते खोकं पुढे कधी उघडलं नाही. म्हणाले, "इतकी चांगली पॅकिंग फोडायला मन होत नाही."

*

आमच्याकडे चाकू हातातून हातात देत नाहीत. खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. हातात दिला की भांडण होतं. मिरचीचं तसंच, चाकूचंही तसंच. आमच्या खात्यात यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. शब्बीरभाईसुद्धा खालीच ठेवतात.

तर नवे सेफ्टी ऑफिसर आले, जगताप साहेब. मोठ्या शहरातून आलेले, बुटाला सतत पॉलिश. कंत्राटी पोरांपैकी कुणाला पर्मनंट करायचं ही शिफारस त्यांच्याच हातात. पहिल्याच दिवशी राउंडला आले आणि दत्तासमोर हात पुढे केला.

"चाकू दाखव."

दत्ताने खिशातून चाकू काढला आणि अदबीने वाकून साहेबांच्या बुटाजवळ जमिनीवर ठेवला.

साहेब बुटाकडे बघतायत, दत्ता साहेबांकडे बघतोय.

"हे काय? मी वाकून उचलायचा? हातात द्यायला लाज वाटते?"

"तसं न्हाई साहेब. हातात दिला तर भांडान हुतं."

"हातात दिला तर भांडण होतं?" साहेब कडाडले, "आणि पायाशी टाकला तर काय होतं ते बघ आता!"

सगळ्यांच्या देखत पोराला झापलं. दत्ताचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी बसस्टॉपवर मला म्हणाला, "ताई, आता शिफारस गेली का हो?" मी म्हटलं, "छे रे, मोठी माणसं विसरतात." आणि मनात म्हटलं, कप्पाळ माझं, ही माणसं एवढंच लक्षात ठेवतात.

*

आठवडाभरात गेटवर बोर्ड लागला, खासगी चाकू आणण्यास सक्त मनाई. आम्हाला प्रत्येकी एक सेफ्टी कटर मिळालं. नारिंगी रंगाचं, त्यात पातं इतकं आत की बोट घालून शोधलं तरी लागत नाही. सुरक्षित म्हणजे किती सुरक्षित! बोट कापत नाही आणि खोकंही कापत नाही.

काम तर करायचं होतं. मग चाकू डब्यातून यायला लागले. माझा भाकऱ्यांच्या मध्ये, दत्ताचा डब्याच्या तळाशी बेसनाच्या पोळ्यांखाली. गेटवरचा वॉचमन डबा उघडून बघायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचा, "जाऊ द्या."

एक दिवस जगताप साहेब माझ्या टेबलाशी आले. हातात घट्ट बांधलेलं एक कुरियर. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"शोभाताई, हे जरा... म्हणजे त्या सेफ्टी कटरने होत नाहीये."

"मग साहेब, कात्री आणू ऑफिसातून?"

"नको, नको. तुमच्याकडे तो... असेलच ना?"

मी डबा उघडला, वरची भाकरी उचलली. साहेबांनी चाकू घेतला, पॅकेट कापलं, चाकू भाकरीवर परत ठेवला आणि रुमालाने बोटं पुसली.

"बेसन आहे का हो?" म्हणाले. "वास छान येतोय."

बोर्ड तिथेच राहिला. चाकूही तिथेच राहिले. आणि मी वेडी, मला वाटलं, चला, आता साहेब आपल्यातले झाले.

*

मध्ये दत्ताला एक स्थळ आलं. मुलीकडचेही ऊसतोडीलाच जाणारे, ओळखीचं गाव, सगळं जुळत आलेलं. "पर्मनंट हाय का?" ला दत्ताने "हुईल" असं उत्तर दिलं, तेही त्यांनी गिळलं. एवढं पुढे गेलं म्हणजे बघा!

उन्हाळ्याचे दिवस. मुलीच्या आईने कलिंगड आणलं. घरातली सुरी सापडेना. सगळे इकडेतिकडे शोधतायत. आमचं पोरगं पडलं कामाचं! उठलं, पॅंटच्या खिशातून चाकू काढला, सवयीने एका झटक्यात उघडला आणि कलिंगडाच्या सारख्या फोडी करून ताटात मांडल्या. पातं पुसलं, मिटलं, परत खिशात. वाटलं असेल, मुलीवर छाप पडेल.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा निरोप आला. "पोरगं दिसायला गरीब हाय, पन खिशात चाकू घिऊन फिरतंय. आमाला असली संगत नको."

आणि दत्ता मला सांगत होता, त्या घराच्या दाराला कोयते टेकून ठेवलेले होते. हंगामाहून नुकतेच परत आलेले, हातभर लांब, एकेक असा की एका घावात ऊस आडवा. त्या कोयत्यांच्या शेजारी बसून त्यांना दत्ताच्या बोटाएवढ्या पात्याची भीती वाटली!

मी तर हात टेकले.

*

जे होणार होतं ते डिस्पॅचच्या गर्दीत झालं. गाडी लागलेली, खोकी उशिरा आलेली, साहेब मागे उभे राहून "चला, चला" करतायत. दत्ताने पट्टीखाली पातं घातलं, जोर दिला, आणि चाकू मिटला. या वेळी बोट मध्ये होतं.

मी ओरडले. रक्त बघून नाही, तर दत्ता काहीच ओरडला नाही म्हणून. तो बोटाकडे बघत नुसता उभा होता. शब्बीरभाईंनी रुमाल गुंडाळला आणि त्यावर पॅकिंगची टेप. आमच्याकडे दुसरं असतं काय?

आमच्या खात्यात भिंतीवर मोठा बोर्ड आहे, इतके दिवस अपघात नाही म्हणून. रोज सकाळी साहेब स्वतः आकडा बदलतात. त्यांनी आधी त्या बोर्डाकडे बघितलं आणि मग दत्ताकडे.

"असं बघ दत्ता," साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चाकू तुझा खासगी. बंदी असताना आणलास. नोंद केली तर तुलाच त्रास. घरी विळीवर कापलं म्हणून सांग. तुझं पर्मनंटचं मी बघतो."

दत्ताने मान डोलावली. काय करणार? शिफारस त्यांच्या हातात.

बोटाची आतली शीर गेली होती. जखम भरली, पण बोट ताठ राहिलं. पर्मनंटची मेडिकल आली तेव्हा डॉक्टरांनी सगळं तपासलं. डोळे चांगले, छाती चांगली. मग म्हणाले, "मूठ वळ."

दत्ताने मूठ वळली. सगळी बोटं वळली, पहिलं बोट सरळ डॉक्टरांवर रोखलेलं.

डॉक्टर चिडले. "माझ्याकडे काय बोट दाखवतोस? मी विचारतोय ते कर!"

"त्येच करतुय साहेब," दत्ता म्हणाला.

यादी लागली. दत्ताचं नाव नव्हतं. मी त्या दिवशी जगताप साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "साहेब, तुम्ही बघतो म्हणाला होतात." तर म्हणाले, "मी शिफारस केली होती हो ताई. पण मेडिकलला मी काय करणार? पोराने घरी विळी जपून वापरायला हवी होती."

हे वाक्य ते पापणी न लवता बोलले. मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. त्याशिवाय टेबलाशी जाता येईना.

*

त्याच वर्षी सेफ्टीच्या कार्यक्रमात आमच्या खात्याला ढाल मिळाली. वर्षभरात एकही अपघात नाही म्हणून.

मांडव, खुर्च्या, पाहुणे, समोसे. जगताप साहेबांचं भाषण झालं. कंपनीचे मोठे साहेब ढाल द्यायला पुढे आले, तर ती अजून खोक्यातच. पुण्याहून मागवलेली, वरून घट्ट पट्टी मारलेली. साहेबांनी नखाने ओढून बघितलं, नारिंगी कटरने घासून बघितलं. मोठे साहेब घड्याळ बघायला लागले.

तेव्हा जगताप साहेबांनी माईकवरून हाक मारली, "दत्ता! अरे, चाकू आण रे जरा!"

दत्ता गेला. एक बोट ताठ ठेवून त्याने पट्टी कापली, ढाल बाहेर काढली, पुसून साहेबांच्या हातात दिली. टाळ्या वाजल्या. फोटोत दत्ताही आलाय, कडेला, पट्टी गोळा करताना. शब्बीरभाईंनी समोसा खाल्ला नाही, मीही नाही. दत्ताने मात्र खाल्ला. म्हणाला, "ताई, खा की. खात्याच्या नावानं हाय."

*

त्यानंतर आम्ही त्याच्या लग्नाचा विषय काढायचाच बंद केला. काय काढणार? कंत्राटी तर होताच, आता वर बोटही गेलं.

तरी एक मध्यस्थ आला. पाथर्डीच्या पुढच्या एका वाडीतली मुलगी, सविता. लहानपणी बाप गेला, मामानेच वाढवली. मामा आयुष्यभर ऊसतोडीत राबलेला, ही पण आईबरोबर तोडीला गेलेली. मामाचं एकच म्हणणं, "पोरीचं बिऱ्हाड दरसाल हलायला नको. एका जाग्यावर पगार पायजे." आणि मध्यस्थाने ठोकून दिलेलं, पोरगा पर्मनंट आहे! हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. दत्ताचे आईबाप कारखान्यावर तोडीला, म्हणून थोरल्या माणसांच्या जागी आम्ही गेलो होतो, मी आणि शब्बीरभाई.

पोरा-पोरीला बोलायला अंगणात पाठवलं. दत्ताने जे केलं ते मला परत येताना जीपमध्ये सांगितलं. त्याने सरळ तिच्यापुढे हात धरला.

"मध्यस्थ खोटं बोललाय. मी कंत्राटी हाय. आन हे बोट वळत न्हाई."

तिने बोट बघितलं. म्हणाली, "कोयता धरायचाय का तुमाला?"

"न्हाई."

"मंग वळून काय करायचंय?"

"आन पर्मनंटचं?"

"मामाला मी सांगते. पन आत्ताच न्हाई. बेतानं सांगते."

जीपमध्ये दत्ता हसत होता. मी मात्र मनात म्हटलं, आमच्या खात्यात कुठली गोष्ट बेताने झालीय?

*

आता लग्नाचं सांगते.

मे महिना, पाथर्डीचं ऊन, दाट तिथ. त्या दिवशी पंचक्रोशीत जिकडेतिकडे लग्नं. हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हातात कट्यार हवी, टोकाला लिंबू खोचलेलं, म्हणजे बाहेरचं काही लागत नाही. दत्ताच्या भावकीत कट्यार एकच. पिढ्यान् पिढ्या तीच फिरते. त्याच मुहूर्तावर चुलतभावाचं लग्न दुसऱ्या गावात, आणि कट्यार गेली त्या वऱ्हाडाबरोबर! इथे नवरदेव हळद लावून रिकाम्या हाताने बसलेला.

दत्ताच्या मावसभावाने मोटरसायकल काढली आणि बाजारातून मिळाला तो चाकू घेऊन आला. घडीचा, लाल मुठीचा, कोरा करकरीत. शब्बीरभाईंनी तो उघडून पातं डावीउजवीकडे हलवून बघितलं. "खिळा ढिला आहे," म्हणाले. दत्ताच्या आईने त्यांच्या हातून तो घेतलाच. "लोखंड हाय न? झालं तर मंग. लिंबू लावा, वऱ्हाड थांबलंय."

मांडवात पोचलो. सवितेचा मामा पुढे होऊन सगळ्यांना पाणी देत होता. चांगला माणूस, डोक्यावर नवा फेटा, डोळे लाल झालेले. भाचीचं लग्न म्हणून रडून घेतलं असणार. शब्बीरभाईंजवळ आला आणि म्हणाला, "तुमी कंपनीतले न? आमच्या पावन्याची नोकरी पक्की म्हनून लई बरं वाटतंय बगा."

म्हणजे पोरीने त्याला अजून सांगितलंच नव्हतं! आणि शब्बीरभाई खोटं बोलू शकत नाहीत, हा त्यांचा आजार आहे. "लडका हिरा आहे मामा," म्हणाले, "पर्मनंट व्हायला पाहिजे होता."

"व्हायला पायजे हुता म्हंजे?"

झालं! मामाने पाण्याचा जग खाली ठेवला. मध्यस्थाला शोधायला गेला, तर मध्यस्थ जेवायच्या पंगतीतून पसार. मग दत्ताच्या बापासमोर येऊन उभा राहिला. ओरडला नाही. बारीक आवाजात म्हणाला, "मला सांगायचं तरी हुतं. मी नको म्हनलो असतो, एवढंच न?" दत्ताचा बाप नुसते हात जोडून उभा. चार जाणत्या माणसांनी मामाला बाजूला घेतलं, मांडव बघा म्हणाले, लोक बघा म्हणाले, पोरीच्या अंगाला हळद लागलीय म्हणाले. मामा "बरं" म्हणाला, पण त्याचं तोंड बघून मला कळलं, हा माणूस आता एखादं निमित्त शोधतोय. दत्तालाही कळलं. हळदीखाली त्याचं तोंड पांढरं पडलेलं. मी देवाला म्हटलं, बाबा, आमचं सगळं घेतलंस, आता एवढं एक नीट होऊ दे.

मुहूर्त आला. पाटावर दोघं समोरासमोर, मध्ये अंतरपाट. सवितेच्या मागे मामा. भटजींनी तिच्या बाजूला उभं राहून तोंडाला माईक लावला. "शुभमंगल सावधान" झालं, पहिली मंगलाष्टका झाली, अक्षता पडल्या. हार धरायला म्हणून दत्ताने चाकू या हातातून त्या हातात घेतला.

खिळा निघाला.

नुसती लाल मूठ दत्ताच्या हातात राहिली. पातं लिंबासकट खाली पडलं, पाटावर आपटलं आणि घरंगळत अंतरपाटाखालून पलीकडे गेलं, थेट सवितेच्या पायाशी. वाजंत्री थांबली. बायका तोंडाला पदर लावून बघायला लागल्या. पलीकडून कुणीतरी म्हातारी म्हणाली, "अगं आई, नवरदेवाची कट्यार मोडली!"

मामाने सवितेच्या दंडाला धरलं. "बास! आता तर देवच सांगतुय. अपशकुन झाला. उतर पोरी पाटावरून, चल घरी!"

भटजींचा माईक चालूच. दत्ता मूठ धरून उभा. मी शब्बीरभाईंचा हात धरलेला, कुणाचा हात धरलाय हेसुद्धा मला कळत नव्हतं.

अंतरपाटाच्या खालून हिरव्या बांगड्यांचा हात दिसला. त्या हाताने लिंबू उचललं. मग हात पातं घेऊन वर गेला. पातं उलटंपालटं करून बघत असणार. खिळ्याच्या भोकावरून अंगठा फिरवत असणार. आणि मग माईकमधून सगळ्या मांडवाला सवितेचा आवाज ऐकू आला, शांत, बाजारात माल बघून बोलतात तसा.

"अपशकुन कसला मामा? चाकू हलका हाय. म्हना ओ भटजी पुढचं."